लेकीच्या गावचं पाणी

आमच्या मोहल्ल्याचा बँड म्हणजे हातमागावरच्या कोष्ट्यांचा बँड. आठवडाभर माग चालवायचा आणि लग्नसराईत शनिवार-रविवार लाल कोट चढवून आसपासच्या गावांत वाजवायला जायचं. बाबा तोंडानं फुंकायचा पितळी कॉर्नेट वाजवत, मी मोठा ढोल. कोट इतवारीच्या बाजारातून जुनेच आणलेले, एकही कोणाच्या मापाचा नव्हता. बाबांचा तर इतका आखूड, की वरचा सूर लावला की मागून सदरा बाहेर डोकवायचा. आम्ही चिडवायचो आणि तेही हसायचे. वाजवण्यापुरता माणूस मोकळा होता. बाकी सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही.

त्या वैशाखात शनिवारी सावनेरला वरात होती आणि रविवारी कळमेश्वरला लग्न. सावनेरला माझी मोठी बहीण दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. आणि आमच्यात रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. बाबांनी ती आणखी ताणली होती. घरचंच काय, तिच्या गावचंही नाही! म्हणून त्यांनी घरच्या पाण्यानं कापडी छागल भरून घेतली आणि मोटारीच्या दाराला टांगली. सावनेर येईपर्यंत आम्ही सगळ्यांनी मिळून ती रिकामी केली. ऊनच तसलं होतं.

दिवस कलताना वरात निघाली. कॉर्नेट कोरड्या तोंडानं वाजत नाही, ओठ ओले लागतात. बाबा सारखे ओठांवरून जीभ फिरवत होते, पण जिभेलाच ओल नव्हती. वरात बहिणीच्या गल्लीत शिरली आणि तिच्या दारापुढे आम्ही थांबलो. ओळखीच्या दारापुढे एक गाणं जास्तीचं वाजवायचं, हा आमच्या बँडचा नेमच होता.

बहीण घागर आणि तांब्या घेऊन बाहेर आली. आम्ही सगळे प्यालो, मीसुद्धा. भावाला ती रीत नव्हती. मग तिनं तांब्या बाबांपुढे धरला.

"बाबा, घोटभर घ्या न. गळा सुकला तुमचा."

बाबांनी मान फिरवली. दारात तिची सासू उभी होती. व्याह्याकडे बघत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ती बोलली, "इवाई आमच्या घरचं पाणी नाही घेत वं! नातवाचं तोंड पाह्यल्याबिगर घेतीन कसे?"

बायका फिदीफिदी हसल्या. बहिणीचा हात तसाच पुढे. बापानं तिथं एक घोट घेतला असता, तर मूल असो नसो, हे माझ्या लेकीचं घर आहे, असं गल्लीला ठणकावून सांगितल्यासारखं झालं असतं. तिला तेवढंच हवं होतं. गळ्यात ढोल अडकवलेल्या माझ्यासारख्या ठोंब्यालाही ते कळत होतं.

"काहून हट्ट करून राहिली? रीत हाय ते," बाबा म्हणाले आणि त्यांनी कॉर्नेट ओठांना लावला.

सूर फाटला. पुन्हा लावला, पुन्हा फाटला. बाबा हटून बसले आणि फुंकत राहिले, तोवर खालचा ओठ चिरून रक्त आलं. गल्ली पोट धरून हसत होती. मी ढोल असा बडवला की काठीच मोडायची बाकी राहिली. राग सासूवर होताच, पण त्याहून जास्त बाबांवर. त्या बाईच्या हातात कोलीत त्यांनीच दिलं होतं. बहीण भरला तांब्या घेऊन आत गेली ती पुन्हा बाहेर आलीच नाही.

रविवारी कळमेश्वरला उतरल्याबरोबर रस्त्याकडेच्या कुठल्याशा रांजणातलं पाणी बाबा घटाघटा प्याले. माझं डोकं सणकलं.

"हे चालते तुमाले? कोणाच्या घरचं हाय, पुसलं तरी काय?"

"तुले रीत नाही समजत गा," बाबा म्हणाले आणि सुजल्या ओठानं वाजवायला निघाले.

त्यानंतर काही वर्षांनी बाबांनी अंथरूण धरलं. अखेरचं दिसायला लागलं तसा मी निरोप धाडला. बहीण आली ती फडक्यानं तोंड बांधलेला तांब्या घेऊन. मूल तोवरही नव्हतंच.

आत्या म्हणाली, "पाणी घाल वं बापाच्या तोंडात. देवाजवळचं गंगाजल घे."

"पाणी आणलं मी," बहीण म्हणाली. मग ती बाबांच्या कानाशी वाकली. "बाबा, सावनेरचं हाय. माह्या घरचं."

बाबा पुरते शुद्धीत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. तिनं पळीनं पाणी घातलं, त्यांचा कंठ हलला. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, तिनं पुन्हा घातलं.

घरातले सगळे रडायला लागले. लेकीनं बापाचं सोनं केलं, असं आत्या म्हणत होती. मला मात्र रडू आलं नाही. मला संताप आला होता, आणि एवढी वर्षं लोटली तरी तो संताप गेलेला नाही. उघडत होतं न तोंड! मग त्या गल्लीत, त्या बाईसमोर, काहून नाही उघडलं?