सकवारबाईंचा चिनी म्हातारा

चामराजपेटेतल्या सकवारबाईंच्या घरी माणसं यायची ती वर्षातून नऊ दिवस. एरवी विधवेच्या दारी कोण कशाला जातंय? हळदीकुंकवाला तर तिला बोलवायचा प्रश्नच नव्हता. पण नवरात्रात तिथल्या कानडी रीतीनं पायऱ्या रचून गोंबे, म्हणजे बाहुल्या, मांडल्या की बघायला सगळी गल्ली लोटायची. वाट्या भरून उसळ देता देता बाई वर्षभराचं बोलून घ्यायच्या. आणि बोलायच्या तरी किती! ऐकणारीचे कान किटायचे.

वरच्या पायरीवर राजाराणीशेजारी एक चिनी मातीचा म्हातारा असे. नारळासारखं उंच टक्कल, पांढरी दाढी, हातात गुलाबी पीच, पायाशी सारस. नवरा फत्तेसिंगराव पलटणीबरोबर कोरियाला गेले होते, येताना वाटेतल्या बंदरातून त्यांनी तो आणला. “फळ म्हणजे दीर्घायुष्य, सारस म्हणजेही दीर्घायुष्य,” ते म्हणाले, “आणि झग्यावरची वटवाघळं म्हणजे भाग्य.”

“वटवाघळं? अगं बाई, घरात?” असं म्हणून सकवारबाईंनी म्हाताऱ्याला खणाचा तुकडा गुंडाळला तो कायमचा.

दोन वर्षांत फत्तेसिंगराव विषमज्वरानं गेले. तेव्हापासून बाईंचं म्हाताऱ्याशी रोज भांडण. “साऱ्या जगाला आयुष्य वाटतोस, माझ्याच घरात हात आखडला होय रे, मुडद्या?” मग त्यालाच पदरानं पुसायच्या. घरात बोलायला दुसरं होतं तरी कोण?

बासष्टची चीनशी लढाई झाली आणि पुढच्या नवरात्रात कुणीसुद्धा फिरकलं नाही. रोज शिजवलेली उसळ बाई एकट्या खात होत्या. चौथ्या दिवशी शेजारची भाग्यलक्ष्मी आली, तीही उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“अक्का, रागावू नका. तुमच्याकडे चिनी आहे म्हणून गल्लीत कुरकुर चाललीय. तेवढा काढा, मग मीच सगळ्यांना घेऊन येते.”

“सरी, काढते,” सकवारबाई म्हणाल्या.

पेटीत ठेवला तर लपवला म्हणतील. बाईंनी त्याला परसातल्या आडात टाकला. “तुझं काय, तुला मरण थोडंच आहे!” असं आडात वाकून ओरडल्या.

संध्याकाळी भाग्यलक्ष्मीनं शब्द पाळला. घर बायकापोरांनी भरलं. बाई तर हरखूनच गेल्या. हिला वाढ, तिला वाढ, ह्याची पापी घे. किती दिवसांनी घरात हसणं ऐकू येत होतं!

सगळ्या गेल्या तरी कोपऱ्यावरच्या कृष्णाबाई वाटी हातात धरून घुटमळत राहिल्या. त्यांचे यजमान वर्षभर अंथरुणाला खिळलेले. कृष्णाबाई हळूच म्हणाल्या, “अक्का, त्या फळवाल्या बाबाला स्वल्प वेळ बाहेर काढता का? गेल्या नवरात्रात डॉक्टरांनी आशा सोडली होती. तुमची पाठ वळली तेव्हा मी त्याच्याकडे ह्यांचं आयुष्य मागितलं. दिलं हो त्यानं.”

“दिलं?” सकवारबाईंनी विचारलं.

“दिलं की. आता पुन्हा मागायचंय.”

सकवारबाईंनी परसाकडे बोट दाखवलं. “आडात टाकला मी. सकाळीच.”

कृष्णाबाईंनी न चाखलेली वाटी खाली ठेवली. “अहो, मला एका शब्दानं विचारायचं तरी! ते अजून पडून आहेत घरी.” डोळ्याला पदर लावून त्या निघाल्याच.

“मला माणसं हवी होती हो,” सकवारबाई दारातून म्हणाल्या. तोवर कृष्णाबाई रस्ता ओलांडून गेल्या होत्या.