अर्धा अर्थ

माझी जीभ वाईट, हे पेडण्यात कोणालाही विचारा. इंग्रजीच्या शिकवण्या घेते, त्यामुळे ती दोन भाषांत वाईट. धाकट्या भावाचं लग्न झालं आणि नार्व्याच्या एका शेतकऱ्याची मुलगी आमच्या घरात आली. मला ती आवडली नाही. कारण ऐकाल तर हसाल. ती आल्यापासून आई पहिली हाक तिला मारायला लागली.

भाऊ हॉटेलात कामाला, त्याचे मित्र इंग्रजी फाडणारे. ही मराठी शाळेत शिकलेली. दुपारची भांडी आवरली की माझ्याजवळ येऊन बसायची आणि आज एक शब्द सांगा म्हणून मागे लागायची. मीही सांगायचे.

तिची पहिली चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. आमच्याकडे पहिल्या चवथीला मुलीच्या माहेरून वजें येतं: नारळ, केळ्यांचे घड, नेवऱ्या, लाडू. शेजारीपाजारी बघायला जमतात, मग ते घरोघर वाटतात, आणि वर्षभर त्यावरून मुलीचा बाप जोखला जातो. बाबांना कोणी नावं ठेवता कामा नये, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. भावाचे मित्र यायचे होते. त्यांच्यासमोर एक इंग्रजी वाक्य बोलून बाबांचा मान वाढवायचा, असं तिने ठरवलं. ऊर भरून येतो, बोलता येत नाही, त्याला काय म्हणतात, असं तिने मला विचारलं.

मी म्हटलं, फ्लॅबरगास्टेड. तोंडातून शब्द फुटत नाही तेव्हा म्हणतात. यात खोटं एक अक्षर नाही. पण शब्द का फुटत नाही, ते मी सांगितलं नाही. जे होईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, ते समोर घडलं की माणसाचं असं होतं. लॉटरी लागली तर म्हणावं, मेलेला उठून बसला तर म्हणावं. बापाने वजें आणलं म्हणून नव्हे. तीन दिवस ती तो शब्द चुलीपाशी घोकत होती आणि मी ऐकत होते.

टेंपोतून वज्याच्या मोठ्या टोपल्या, दहा हारे, उतरले. एकेक हारा तिचे वडील स्वतः डोक्यावरून आत आणत होते. चिबूड त्यांच्याच नदीकाठच्या मळ्यातले. घाम पुसत ते उभे राहिले, तशी ती पुढे झाली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आय ॲम फ्लॅबरगास्टेड, बाबा."

मित्र एकमेकांकडे बघून हसले. वडिलांना वाटलं, कौतुकच. त्यांनी हसत मला अर्थ विचारला. भाऊ मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगत होता.

"ती म्हणते, तुम्ही एवढं आणाल असं तिला कधीच वाटलं नव्हतं."

शेजारणींनी पदर तोंडाला लावले. वडिलांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, काढायचं कसं ते त्यांना कळेना. ती मान हलवून नाही नाही म्हणत राहिली. पाणीही न पिता ते निघाले. आज मला लाज वाटते. पण तेव्हा गंमत वाटली होती आणि तीही पोटभर, हे कशाला लपवू?

त्यानंतर तिने माझ्याकडे शब्द मागितला नाही. भाऊ महिनाभर बोलला नाही.

दुसऱ्या वर्षी एवढं आणायची रीत नाही. एखादा हारा पुरतो. तिचे वडील पुन्हा टेंपो भरून आले. सगळं उतरवलं आणि मुलीकडे न बघता माझ्यासमोर येऊन उभे राहिले. टोमणा असता तर मी परतवला असता, त्यात माझा हात कोण धरणार? पण त्यांनी खरंच विचारलं.

"बाय, औंदा पुरो मगो?"

मागे दारात ती उभी होती. हो, पुरेसं आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी लाडवांचा डबा उघडला, वरचा एक दाबून पाहिला आणि म्हटलं, बघते. त्यांनी मान डोलावली आणि ते तिथेच थांबून राहिले.