फक्कीचं घर

मिस्त्रीकाका कोणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी खोली मोजायचे. टेप कधी काढायचे नाहीत. दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत पावलाला पाऊल लावत जायचे आणि वळून घरमालकाला सांगायचे, "लांबी बरी हाय. रुंदीत फसवलंय तुमाला." लोकांना ते आवडत नसे. मला आवडायचं. मी कोणाकडे गेले की आधी बसायला कोपरा शोधते. इतक्या उघडपणे दुसऱ्याचं घर निरखायची हिंमत माझ्यात नाही.

ते मूळचे हिर्डोशीचे, कामाने गवंडी. भोरमध्ये आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत ते, काकू, मुलगा, सून आणि दोन नाती बारा वर्षं भाड्याने राहत होते. वेल्ह्याकडे धरणाच्या पाण्याकाठी पुण्याच्या लोकांचे बंगले झाले, त्यातले कितीतरी त्यांच्या हातचे. "वर्सातनं चार दिस येत्यात," ते सांगायचे. "बाकीचे दिस घर एकटंच. आन् हितं आमी सा जणं, एकानं कूस बदलली की समद्यांनी बदलायची." एका बंगल्यात त्यांनी कुत्र्यासाठी खोली बांधली होती. "आमच्या सैपाकघरापरीस वीतभर मोटी. खिडकी बी हाय. कुत्रं डोंगर बगत बसतंय."

दुसरी सवय फक्कीची. पाया खणण्याआधी जमिनीवर घराच्या रेघा मारतात ती पांढरी पूड. तिची पिशवी त्यांच्या स्कूटरला कायम लटकलेली. घर समजावून सांगायचं तर ते कागदाला हात लावत नसत, जमिनीवर काढत. "कागदावर समदीच घरं मोटी दिसत्यात. आत हुबं ऱ्हाऊन बगायचं." आमच्या अंगणात त्यांनी स्वतःचं होऊ घातलेलं घर इतक्या वेळा काढलं होतं की काकू त्या रेघांच्या आत बसून तांदूळ निवडायच्या, आणि उठताना दाराच्या जागेतूनच बाहेर पडायच्या.

हे घर हवेतलं नव्हतं. गवंडी, एसटीच्या वर्कशॉपमधला हेल्पर, दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशी अशा नऊ भाडेकरू कुटुंबांनी मिळून उत्रोलीच्या रस्त्याला जमिनीचा एक तुकडा घेतला होता. एकेकट्याला गुंठा-दीड गुंठा घ्यायला कायदा आडवा येत होता, म्हणून एकाच सातबाऱ्यावर नऊ नावं. नव्या विकास आराखड्यात तो तुकडा पिवळा, म्हणजे राहण्यासाठीचा ठरला, की घरं बांधायची. नकाशा कचेरीच्या भिंतीवर लागला तेव्हा तुकडा हिरवा निघाला. हिरवा म्हणजे शेतीचा. त्याला खेटून असलेली एका प्लॉटिंगवाल्याची जमीन पिवळी होती. पिवळ्याची हद्द सरळ येत होती आणि नऊ नावांपाशी आल्यावर सुबक वळत होती. मिस्त्रीकाकांनी त्या वळणावर बोट फिरवलं. "हात मातर कसबी हाय ह्यो," ते म्हणाले.

हरकत घ्यायची तर नियम दाखवायला हवा, आणि नियमांचं जाडजूड पुस्तक इंग्रजीत. ज्यांच्या घरांबद्दल ते होतं त्यांच्यापैकी एकालाही ते वाचता येऊ नये, याची चोख व्यवस्था होती. म्हणून काका माझ्याकडे आले. माझ्या इंग्लिश मीडियमचा तोवर झालेला एकमेव उपयोग म्हणजे पाहुण्यांसमोर म्हटलेल्या कविता. महिनाभर संध्याकाळी मागच्या ओट्यावर बसून मी पानंच्या पानं वाचली. शेवटी एक नियम सापडला: वस्तीला लागून असलेल्या शेतजमिनीवरही लहान घरांना परवानगी देणारा. तो मी एका कागदावर मराठीत उतरवला.

"सुनावणीत तुमीच वाचा, ताई," काका म्हणाले. "मी वाचाय लागलो तर सायेब निवृत्त हुतील."

मी मान डोलावली. मान डोलवायला मला जमतं.

त्याच आठवड्यात बाबांनी मला एक पत्र टाइप करायला दिलं. आमच्या कॉलनीचंही म्हणणं होतं. त्यात लिहिलं होतं की उत्रोली रस्त्याला बाहेरच्या लोकांची दाट वस्ती झाल्यास परिसराची शांतता आणि निसर्गसौंदर्य धोक्यात येईल. बाहेरचे लोक म्हणजे हिर्डोशीचे, याच तालुक्यातले. शनिवार-रविवारी पुण्याहून येणारे मात्र निसर्गप्रेमी. खाली सतरा सह्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या सह्यांची घरं मिस्त्रीकाकांनी बांधलेली. काका गेले तर आमच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या होणार, हे बाबांच्या पत्रात कुठे नव्हतं. मी पत्रातलं शुद्धलेखन सुधारलं आणि प्रिंट काढून दिली.

सुनावणीच्या सकाळी काका लवकर येऊन कचेरीच्या आवारात खऱ्या मापाचं घर काढून बसले होते. दार, खोली, मोरी, स्वयंपाकघर. आम्ही गाडीने गेलो. मी बाबांच्या मागच्या खुर्चीवर बसले. कॉलनीचं पत्र एका निवृत्त गृहस्थांनी खड्या आवाजात वाचलं. 'निसर्गसौंदर्य' या शब्दाला ते जरा थांबले, तेव्हा बाहेर त्यांचा ड्रायव्हर भिंतीशी उभा राहून पिचकारी मारत होता. मग काकांचं नाव पुकारलं.

"तुमची जागा नकाशावर दाखवा," साहेब म्हणाले.

"नकाशात मावत न्हाई, सायेब. भायेर चला, पायानं बगा. नऊ घरं हैत, त्यातलं येक काडलंय."

साहेब बसूनच खिडकीतून डोकावले. काकाही डोकावले. "आवो," ते म्हणाले, "कुनीतरी आमच्या चुलीवर गाडी लावलीय."

सभागृह हसलं. गाडी आमची होती. बाबाही हसले.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "पण कुठल्या नियमाने मागता? लेखी काही आहे?"

काकांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. कागद माझ्या पर्समध्ये होता. बाबांची मान माझ्यापासून हातभर अंतरावर. मी माझ्या चपलेचा पट्टा पाहत राहिले.

"हाय की," काका म्हणाले. "घरी ऱ्हायला, सायेब. म्हातारपण."

म्हातारपण नव्हतं. बारा वर्षांत त्यांनी साधा ओळंबा कुठे विसरल्याचं मला आठवत नाही. साहेबांनी 'पुराव्याअभावी' असं काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव घेतलं. परत निघालो तेव्हा आमच्या टायरांना फक्की लागली होती. बाबांनी घरी आल्यावर ती पाण्याने धुतली.

जमीन हिरवीच राहिली. घर बांधता येईना, भाडं चुकेना. नऊ नावं वर्षभरात एकेक करून गळली. सगळा तुकडा आणि मागचं भातखाचर पुण्याच्या एका कुटुंबाने घेतलं. हिरव्या पट्ट्यात नऊ घरं चालत नाहीत, फार्महाऊस चालतं. आज तिथे खूप हिरवंगार आहे. लॉन आहे. आमच्या कॉलनीला फार्महाऊसबद्दल अजून एकही पत्र टाइप करावंसं वाटलेलं नाही.

फार्महाऊसच्या आखणीला मालकांनी मिस्त्रीकाकांनाच बोलावलं होतं. फाटकापाशी रखवालदाराच्या खोलीच्या रेघाही त्यांनीच मारल्या. मग मालकांनी रखवालदार म्हणून राहाल का विचारलं. मुलगा-सून नातींना घेऊन कंपनीच्या कामाला वरवे बुद्रुकला खोली करून राहिले, आणि काका-काकू त्या खोलीत गेले.

पुण्याला नोकरीसाठी निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना भेटायला गेले. काकूंनी चहा टाकला. काका म्हणाले, "टाका, पावलं टाका. लाजू नगा." मी दारापासून भिंतीपर्यंत पावलाला पाऊल लावत गेले. नऊ पावलं.

"जमीन तीच, मानूस त्योच," काका म्हणाले. "पर आता कायद्यात बसलो बगा."

मी पर्समधून तो कागद काढून त्यांच्यापुढे धरला. काय बोलायचं ते घरून ठरवून आले होते. काकांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला. मग त्याची घडी घातली, आणखी एक घातली, खाली वाकून खाटेच्या एका पायाखाली नीट सरकवली आणि वरून तळव्याने दाबून पाहिलं.

"कवापासनं डुगडुगत हुती," ते म्हणाले. "बसा आता."

मी बसले. खाट हलली नाही.