पाटीवरचा हळद्या

इंग्लंडातल्या आमच्या हॅगथॉर्पला जुन्या वीटभट्टीची तळी आहेत. माती काढून काढून खड्डे झाले, त्यात पाणी साठलं, कडेनं लव्हाळं माजलं आणि पक्षी आले. तिथं लाकडाची एक खोपटी आहे, आत बसून पक्षी बघायला. शिरल्याबरोबर डाव्या हाताला पाटी. या हद्दीत आजवर दिसलेल्या प्रत्येक जातीचं नाव तिच्यावर पांढऱ्या रंगात आहे. एकच नाव पिवळ्या रंगात, आणि बाकीच्यांच्या दुप्पट मोठं: हळद्या. नवखे लोक विचारतात, हे असं का? लोक काहीबाही उत्तरं देतात. खरं उत्तर मॉरीन ब्लेंकिन हे आहे, आणि ते मला माहीत आहे, म्हणून लिहून टाकते.

मॉरीन शाळेच्या स्वयंपाकघरात होती. मी तालुक्याच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते. आमच्या घरांची भिंत एक. पक्ष्यांत मला तेव्हाही गम्य नव्हतं आणि आजही फारसं नाही. मी तिच्याबरोबर जायची ती पाय मोकळे करायला आणि तिच्या डब्यातला आल्याचा केक खायला. बाई अंगानं रुंद, आवाजानं त्याहून रुंद. पाटी तिनं सुरू केली, हद्द तिनं ठरवली: नदीचा बांध, रेल्वेचा भराव, चॅपलचा रस्ता आणि ओढा. पक्षी कुठंही उडो, बघणाऱ्याचे पाय हद्दीत पाहिजेत. एकदा ओढ्यापलीकडे उभी असताना डोक्यावरून करकोचा गेला, तर ही बाई कमरेएवढ्या पाण्यातून अलीकडे आली आणि मग वर बघितलं.

दुसऱ्यांच्या बाबतीतही अशीच कडक. पाद्र्यानं पाहिलेला गरुड तिनं त्याच्या तोंडावर खोडला. स्वतःच्या नवऱ्याचासुद्धा खोडला. "फ्रँक, तुझ्या डोळ्यांवर ऊन होतं आणि पोटात बिअर होती." फ्रँक गेला तेव्हा कुणीतरी म्हणालं, आता तरी लिही बिचाऱ्याचा गरुड. ही म्हणाली, "मेल्यानं डोळे सुधारत नाहीत."

अशा बाईला एका मे महिन्यात, सकाळी, भरावाकडच्या पॉप्लरच्या रांगेत हळद्या दिसला.

आपल्याकडे कुठल्याही आमराईत ओरडतो तो. जात जराशी वेगळी, पण पिवळा तोच आणि बासरीची शिट्टीही तीच. माझ्या माहेरी त्याच्याकडे कुणी मान वर करून बघत नसे. इथं मात्र असा पक्षी दिसणं म्हणजे गावात लग्न निघाल्यासारखं. पानाआड शिट्टी ऐकली, मग पिवळा झोत एका झाडातून दुसऱ्यात गेला. झालं. तिनं आधी पाटी रंगवली आणि मग नॉर्मन एलर्बीला फोन केला. हा क्रम चुकला, हे माझं तेव्हापासूनचं मत.

नॉर्मन हा परगण्याच्या पक्षीमंडळाचा नोंदणीदार. जन्मभर रेल्वेत सिग्नल सांभाळलेला माणूस. कागद आल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा त्याचा पिंड. वाईट नव्हता. मॉरीनचा शाळेतला वर्गमित्र. तो वीसेक माणसं घेऊन आला. दोन दिवस सगळे पॉप्लरखाली माना वर करून उभे. हळद्या काही आला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बुंध्यामागून हिरवा सुतारपक्षी उडाला, आणि त्याची पिवळी पाठ उन्हात लखकन चमकली. कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले.

पक्षी बघणाऱ्यांत याच्याएवढी शरमेची चूक नाही. पहिल्या वर्षीची पोरं उडत्या सुताराला हळद्या म्हणतात.

"आणि शिट्टी?" मॉरीननं विचारलं.

"स्टार्लिंग असेल गं," नॉर्मन म्हणाला. "नकला करतात. हिवाळ्यात समुद्रापलीकडून येतात, तिकडं ऐकलेलं इकडं वाजवतात."

"म्हणजे मी स्टार्लिंग ऐकला आणि सुतार बघितला. दोघं मिळून एक हळद्या."

"मी म्हणत नाही तसं."

"मग कोण म्हणतंय? तुझी टोपी बोलतेय का?"

मंडळाचं उत्तर आलं: सिद्ध झालं नाही. खोपटी मंडळाच्या पैशानं बांधलेली, तेव्हा पाटीवरचं नाव पुसावं, असंही ठरलं. नॉर्मन आला, खरवडून गेला. दुसऱ्या दिवशी मॉरीननं रंगवलं. त्यानं खरवडलं. तिनं रंगवलं. अख्खा उन्हाळा हे चाललं. पाटीचं लाकूड तिथं खपलीसारखं पातळ झालं. पबमध्ये लोक तिला बघून टेबलावर सुतारासारखं टकटक वाजवायचे. ती ग्लास उचलून म्हणायची, "या, आत या, दार उघडंच आहे." घरी आल्यावर मात्र आमच्यामधल्या भिंतीपलीकडून भांडी आपटल्याचे आवाज येत.

मी तिला सांगितलं, "नॉर्मनचा नियम बरोबर आहे. एकट्यानं बघितलेलं मानायला लागलं तर पाटीवर उद्या शहामृग येईल."

"मला माहितेय बरोबर आहे. नियम माझाच आहे. पण माझे डोळेही माझेच आहेत, मास्तरीणबाई."

पुढच्या वर्षी जूनमध्ये ती सकाळीच माझ्या दारात. "बूट घाल. तोंड बंद ठेव."

पॉप्लरच्या रांगेत चौथ्या झाडावर, दुबेळक्यात, टोपलीसारखं घरटं लोंबत होतं. मादी बसलेली. नर वरच्या फांदीवर, लिंबासारखा पिवळा, पंख काळेभोर, आणि ती बासरी. मॉरीननं माझं मनगट इतकं दाबलं की दुसऱ्या दिवशी वळ होता.

"सांग आता नॉर्मनला," मी म्हणाले. "जा, फोन कर. नाक घासत येईल."

"नाही."

"का?"

"नॉर्मनला खोटं बोलता येत नाही. बायको विचारणार, कुठं होतास? तो सांगणार. बायको पोस्टात. दुपारपर्यंत बातमी पक्षीवाल्यांच्या त्या पैसे भरून ऐकायच्या फोनसेवेवर. उद्या इथं शे-दीडशे दुर्बिणी, आणि परवा कुणीतरी दोराची शिडी आणि कापूस भरलेला डबा घेऊन." तेव्हा अंडी चोरणारे होते, आणि असल्या अंड्यासाठी ते देशाच्या दुसऱ्या टोकावरून गाडी हाकत यायचे. "पोरं उडेपर्यंत नाही."

"मग फोटो काढ."

"जवळ गेलं की ही बया घरटं सोडते. गप बस ना जरा!"

मी गप बसले. तोंडात आलेलं गिळणं मला जमत नाही, पण त्या महिन्यात गिळलं. ती रोज भरावावर मासेमारीची खुर्ची टाकून बसायची. हातात गळ. त्या भरावाखाली पाणीच नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "मासेही माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत."

आणि मग एका सकाळी बांधावरून नॉर्मन आला. खांद्यावर दुर्बिणीची तिपाई, पिशवीत सँडविच. मी तिथंच होते.

"मॉरीन, मी विचार केला," तो म्हणाला. "गेल्या वर्षी दोनच दिवस थांबलो. हे काही न्यायाचं झालं नाही. आज पॉप्लरखाली बसतो. उद्याही बसतो. आठवडाभर बसतो. असला हळद्या तर तुझ्या पदरात."

चांगला माणूस चुकीच्या वेळी चांगला वागला की त्याच्याइतकं अडचणीचं काही नसतं. पॉप्लर त्याच्या पाठीमागे शंभर पावलांवर. वारा पडलेला. मी मॉरीनकडे बघितलं. तिचा चेहरा लालबुंद.

तेवढ्यात मागून मादी ओरडली. मांजराची शेपटी दारात सापडावी तसं. नॉर्मननं मान वळवायला सुरुवात केली.

"सुतारच होता तो," मॉरीन म्हणाली.

नॉर्मनची मान अर्ध्यावर थांबली. "काय?"

"सुतार होता. हिरवा सुतार. मी चुकले. बहिरा आहेस का?"

मी नॉर्मनला इतका गांगरलेला कधी पाहिला नाही. पाठीमागे मादी पुन्हा ओरडली असती तरी त्याला ऐकू आली नसती. त्यानं टोपी काढली. "मॉरीन, असं कबूल करायला..."

"भाषण नको. चल, आत्ताच्या आत्ता पुसून टाकते. तुझ्यासमोर." आणि त्याचा दंड धरून त्याला ती उलट्या दिशेनं खोपटीकडे घेऊन गेली. तिनं स्वतःच्या हातानं, केकच्या डब्यातल्या सुरीनं ते नाव खरवडलं. नॉर्मन अवघडून बघत होता. तो गेल्यावर ती बाकावर बसली आणि सुरी पँटला पुसत राहिली.

"चहा देऊ का?" मी विचारलं.

"दे. आणि एक शब्द बोललीस तर तळ्यात ढकलीन."

पिल्लं उडाली. ऑगस्टमध्ये सगळं कुटुंब आफ्रिकेच्या वाटेला लागलं. मॉरीननं खुर्ची घरी आणली.

ऑक्टोबरात मंडळाची सभा गावच्या सभागृहात असते. चहाचं मोठं भांडं, हॅमचे सँडविच, आणि नॉर्मननं वाचलेला वर्षाचा अहवाल. चहावर मॉरीन. नॉर्मन उठला आणि म्हणाला, "एक नोंद मागे घेतली गेली आहे. मिसेस ब्लेंकिन यांनी चूक स्वतः कबूल केली. अशा प्रामाणिकपणावरच आपल्या याद्या उभ्या आहेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेत कुणीतरी खुर्चीवर हळूच टकटक केलं. मॉरीन कपात दूध ओतत होती.

आणि छपरावरून बासरी वाजली.

स्वच्छ, गोल, चार सुरांची. मग खुर्च्या पडल्या. सगळे दाराकडे धावले, नॉर्मन सगळ्यांत पुढे, हातात अहवाल. मॉरीन जागची हलली नाही. "पन्हाळीवर बघा," ती ओरडली. "स्टार्लिंग आहे!"

स्टार्लिंगच होता. यंदाचं पोर, अजून अर्धी मान तपकिरी. पन्हाळीवर बसून आधी कुणाच्यातरी गाडीचा भोंगा वाजवला, मग हळद्या. मागोमाग मांजराची शेपटी दारात सापडल्याचा तो ओरडा. लोक हसत आत आले. नॉर्मन हसत नव्हता. तो चहाच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"मॉरीन, ते यंदाचं पोर आहे."

"दिसलं मला."

"समुद्रापलीकडचे अजून आलेले नाहीत. हे इथलंच. पन्हाळीखालच्या घरट्यातलं." त्यानं अहवाल टेबलावर ठेवला. "मग याला शिकवलं कुणी? नराचंही आणि मादीचंही?"

"साखर किती?"

"जूनमध्ये मी टोपी काढली तुझ्यासमोर."

"शोभत होती तुला. साखर किती, नॉर्मन? मागे रांग लागलीय."

त्यानं कप घेतला, पण प्याला नाही. "किती पिल्लं?" अगदी हळू विचारलं.

मॉरीननं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "तीन. तिन्ही उडाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीवर हळद्या होता. पिवळ्याधमक तैलरंगात, दुप्पट अक्षरांत. नॉर्मन अर्ज घेऊन आला. पुन्हा भर, या वेळी मी जातीनं लढतो, म्हणाला. साक्षीदार म्हणून माझंही नाव घालू या.

"नाही भरणार," मॉरीन म्हणाली. "गेल्या वर्षी मी खरं बोलले तर तुम्ही हसलात. यंदा खोटं बोलले तर टाळ्या वाजवल्यात. तुमची यादी तुम्ही सांभाळा. ही पाटी माझी."

"खोपटी मंडळाची आहे, मॉरीन."

"मग खरवड."

नॉर्मननं खिशातला चाकू काढला. मला वाटलं आता हा खरवडतोय. पण त्यानं 'हळद्या'च्या खाली ओघळलेला रंगाचा एक थेंब टोकानं काढून टाकला, चाकू मिटला आणि खिडकीशी बसून बदकं मोजायला लागला.

परगण्याच्या यादीत आमच्या गावचा हळद्या आजही नाही. नॉर्मन गेला, मॉरीनही गेली. मंडळाचे नवे लोक दर दोन-चार वर्षांनी पत्र पाठवतात की पाटी नियमाला धरून नाही, दुरुस्त करावी. रंगाचा डबा माझ्या माळ्यावर आहे. गुडघे दुखतात, पण खोपटीपर्यंत अजून जाता येतं.