साडूंचा रिकामा रकाना

माझ्या साडूंइतका सरळ माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि माझ्या घराचं त्यांच्याइतकं नुकसानही दुसऱ्या कुणी केलेलं नाही. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून इतकी वर्षं वाकून नमस्कार करत आलो. त्यातले मनापासून किती केले, ते विचारू नका.

धंदा असा की चारचौघांत सांगायची पंचाईत. एका प्रकारची फाईल दुसऱ्या प्रकारची करून द्यायची. जुन्या कॉम्प्युटरमधली माहिती नव्यात उघडत नाही, क्लासची हजेरी एका प्रोग्रॅममध्ये आणि मार्क दुसऱ्यात, मग हे बसणार आणि ओळीला ओळ, रकान्याला रकाना लावून सगळं नव्या साच्यात उतरवून देणार. पाव्हण्यांना हे समजावता समजावता मेव्हणी रडकुंडीला यायची. शेवटी ‘कॉम्प्युटरमध्ये आहेत’ एवढंच सांगायला लागली. बरं, खूळ दुकानात ठेवून घरी यावं की नाही? माझ्या थोरल्याच्या लग्नात पाव्हण्यांची नावं यांच्याकडं दिली, तर यांनी नाव, गाव, फोन, नातं असे रकाने पाडले आणि जे रिकामे राहिले ते भरायला स्वतः मांडवाच्या तोंडाशी उभे राहिले. लोह्याचे आमचे एक चुलत सासरे फेटा बांधून ऐटीत आले. ते यांचेही सासरेच, तरी त्यांना अडवून विचारलं, ‘तुमी नेमके कोण लागता?’ सासरे तिथूनच माघारी गेले. आजतागायत आमच्या दारात आलेले नाहीत.

पण सगळ्यात मोठा हट्ट एकच: रिकाम्या रकान्यात शून्य टाकायचं नाही. रिकामं म्हणजे अजून कळलं नाही, शून्य म्हणजे कळलं. जेवायला वाढू का, असं मेव्हणीनं विचारलं तरी ‘भूक न्हाई’ म्हणायचे नाहीत. ‘अजून कळलं न्हाई’ म्हणायचे. ती बिचारी ताट झाकून ठेवायची.

हे खूळ भूकंपाच्या वेळचं. तेव्हा ते तरुण होते आणि एका कचेरीत हंगामी म्हणून याद्या टाईप करत होते. कुठल्या घरात किती माणसं जिवंत, असा एक रकाना होता. कोण कुठल्या दवाखान्यात पडलंय याचा पत्ता नव्हता, त्यामुळं पुष्कळ घरांपुढं काहीच लिहिलेलं नव्हतं. ती फाईल दुसऱ्या कचेरीच्या कॉम्प्युटरसाठी बदलायला घेतली, तर तो प्रोग्रॅम रिकामा रकाना घेईना. साहेब म्हणाले, ‘टाका शून्य आणि पाठवा एकदाची.’ यांनी टाकलं. काही दिवसांनी सोलापूरच्या दवाखान्यातून सुटलेली एक म्हातारी, हात गळ्यात बांधलेला, भूकंपग्रस्तांना मिळणाऱ्या पत्र्याच्या शेडची चौकशी करत यांच्याच टेबलापुढं येऊन उभी राहिली. यांनी बघून सांगितलं, ‘आजी, तुमच्या घरात कुणीच न्हाई.’ ती म्हणाली, ‘मग मी कोण हाय, बाबा?’ तिला शेड मिळेस्तोवर पुढचा पावसाळा लागला. यांनी तेव्हा जो कानाला खडा लावला तो लावलाच.

लावावा, माझी ना नाही. पण माझ्या पोरीच्या वेळी?

लातूरला तेव्हा क्लासचं पेव फुटलं होतं. डॉक्टर व्हायचं म्हणून अर्धं नांदेड तिकडं धावत होतं. आमची धाकटीही मावशीकडं राहून शिकायला लागली आणि पहिल्या बॅचमध्ये बसली. मग तिला टायफॉइड झाला आणि तिच्या परीक्षा बुडाल्या. त्याच सुमारास क्लासनं मार्कांसाठी नवा प्रोग्रॅम आणला. जुन्या फाईली त्यात उतरवायचं काम आमच्या साडूंकडंच होतं आणि त्यावरून नव्या बॅचेस लागणार होत्या. हाही प्रोग्रॅम रिकामा रकाना घेईना. मालक म्हणाला शून्य टाका. हे म्हणाले न्हाई. सगळ्या क्लासचं काम अडलं. मी नांदेडहून सकाळच्या एसटीनं लातूर गाठलं.

‘शून्य नका टाकू,’ मी म्हणालो, ‘पण तिचे आधीचे मार्क बघून साठ तरी टाका. आम्ही शाळेत गैरहजर पोरांना तोंडीचे मार्क देतोच की.’

‘गुरुजी, ती बसली असती तर साठबी पडले असते, नव्वदबी पडले असते. जे झालंच न्हाई ते मी कसं लिहू?’

‘अहो, तुमच्या मांडीवर खेळलेली पोर आहे ती.’

‘म्हणून तर शून्य टाकत न्हाई.’

बोला आता! मालकानं आठवडाभर वाट बघितली आणि काम दुसऱ्या दुकानाला दिलं. तिथं एका झटक्यात सगळीकडं शून्यं पडली. पोरगी पहिल्या बॅचमधून थेट शेवटच्या बॅचमध्ये गेली, जिथं सर आले तर आले. मेडिकल हुकलं. साडूंचंही दुकान बसलं, कारण ‘हा माणूस अडून बसतो’ हे साऱ्या क्लासवाल्यांत झालं होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू?

निकालानंतर ते नांदेडला आले. खुर्चीच्या कडेला टेकले आणि पोरीला म्हणाले, ‘माय, माझ्या हट्टापायी तुझं वाटोळं झालं. गुरुजीचं ऐकाया पायजे होतं.’ एवढं एक वाक्य ऐकायला माझे कान आसुसले होते. म्हटलं, आली एकदाची अक्कल.

पोरगी म्हणाली, ‘काका, क्लासनं मला शून्य दिलं. बाबा साठ देत होते. मी तापात पडले होते, हे तुम्ही एकट्यानंच लक्षात ठेवलं.’

चहाचं बघतो म्हणून मी आत गेलो, तर बायको दारातच उभी होती. तिनं मला जायला वाट दिली, पण बघितलं नाही.

माझा राग अजून गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही. साडू आता थकलेत, फारसे कुठं जात नाहीत. पोरगी मात्र सुट्टी लागली की आधी लातूर गाठते. ती परत आली की मी पेपर तोंडापुढं धरून बसतो आणि ती आईला काकांचं काय काय सांगते, ते ऐकत राहतो.