सभा खाली आणा

अक्कांसमोर "पेशंटमध्ये सुधारणा आहे" असं कुणी म्हटलं की त्याची धडगत नसे. "सुधारणा? म्हणजे काय गं? काल काय जमत नव्हतं, आज काय जमतं, ते बोल. नाव सांग, काम सांग!" असं म्हणून त्या चष्मा कपाळावर चढवायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत.

बंगलोरच्या एका मेडिकल कॉलेजात आमचा पुनर्वसन विभाग होता आणि अक्का त्याच्या प्रमुख. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. नवऱ्याची इथल्या सरकारी कारखान्यात बदली झाली, म्हणून मी नागपूर सोडून इंदिरानगरात आले आणि त्यांच्या हाताखाली डॉक्टर म्हणून लागले. अक्कांचं घराणं मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलं. मराठी बोलता बोलता त्या मध्येच कानडी शब्द घालून 'स्वल्प थांब', म्हणजे जरा थांब, म्हणायच्या. पहिल्याच दिवशी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "नागपूरकर का? सरी, बरंय. उन्हाची सवय आहे, आता माझीही होईल." माझं खरं नाव त्यांनी पुढे कधी घेतलंच नाही.

तळमजल्यावरच्या आमच्या लांबलचक हॉलमध्ये भिंतभर काळा फळा होता. नवा पेशंट आला की त्यालाच विचारायचं, तुम्हाला काय करता यायला हवंय? तो जे म्हणेल ते त्याच्या नावापुढे कानडीत लिहायचं. 'मुनियम्मा : देवळाच्या पायरीवर बसून फुलं विकणे.' मुनियम्मा जे. पी. नगरची फुलवाली, साखरेच्या आजारात तिचा एक पाय गेला होता. 'सिद्दप्पा : आपली लुंगी आपण नेसणे.' काम जमलं की त्या माणसाने स्वतः येऊन आपली ओळ पुसायची, हा आमचा रिवाज. मी एकदा म्हटलं, "अक्का, वर्षाच्या शेवटी दाखवायला काही उरतच नाही." त्या म्हणाल्या, "पुसलेलंच दाखवायचं, बाई! दुसरी कसली प्रगती असते?"

मग नवे डायरेक्टर आले. त्यांना प्रगतीचा भारी सोस. मोठं स्कॅनिंगचं यंत्र यायचं होतं, त्याला तळमजला हवा होता, तेव्हा पुनर्वसन विभाग तिसऱ्या मजल्यावर न्यायचा असं त्यांनी ठरवलं. ऐका हो! पाय गेलेल्यांनी आधी तीन मजले चढायचे आणि मग वर जाऊन चालायला शिकायचं. आणि लिफ्ट? तिला लहर आली तर चालायची. डायरेक्टर गोड आवाजात म्हणाले, "डॉक्टर, पेशंटना वॉर्डबॉय उचलून नेतील." अक्का उसळल्या. "माणसं उचलायला मी हा विभाग काढला नाही. उभी करायला काढलाय." मार्चमधल्या वार्षिक सभेत, सगळे विभाग वर्षाची प्रगती आणि पुढची ध्येयं मांडतात तेव्हा, यावर शिक्कामोर्तब व्हायचं होतं.

त्याआधीच दिवाळीनंतर अक्कांना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली. वॉर्डातून त्या चाकाच्या खुर्चीत बसून आमच्या हॉलमध्ये आल्या त्या पेशंट म्हणूनच. मी फळ्यापाशी उभी, डोळे पुसत.

"रडतेस काय? खडू घे. माझं नाव लिही."

"आणि काम, अक्का?"

ओठ एका बाजूला ओघळले होते, शब्द अडकत होते. "सभेत... उभं राहून... नाही म्हणणे."

मग मुनियम्माने टाळी वाजवली आणि मागोमाग सगळ्यांनी.

पेशंट म्हणून अक्का म्हणजे निव्वळ ताप! आधाराच्या दोन दांड्यांमध्ये उभं केलं की मलाच दटावायच्या, "धरू नको गं, पडले तर बघू." पलीकडच्या दांड्यांमध्ये नव्या पायावर चालणारी मुनियम्मा ओरडायची, "एळी अक्का, एळी!" उठा, उठा! एकदा खरंच पडल्या. जमिनीवर बसूनच त्यांनी डायरेक्टरांचा तीन भाषांत उद्धार केला आणि म्हणाल्या, "हं, शिव्या संपल्या. आता उठव."

सभेचा दिवस उजाडला. सभा तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नेमकी बंद. दोन वॉर्डबॉय खुर्चीसकट अक्कांना उचलायला आले. अक्कांनी खुर्चीचा ब्रेक खटकन ओढला.

"मला उचलून वर नेलंत की ते म्हणणार, बघा, नेता येतं की! नागपूरकर, वर जा. सांग त्यांना, सभा खाली आणा."

मी गेले. भरल्या सभेत सांगितलं. आवाज चढवूनच बोलले. डायरेक्टर म्हणाले, "एका माणसासाठी सगळी सभा उतरवायची?" मी म्हटलं, "एक नाही सर, खाली अख्खा हॉल भरलाय." पहिल्या रांगेतले म्हातारे सर्जन गुडघे चोळत उठले. "चला हो. मला तरी हे जिने कुठे झेपतात?" ते निघाले तसे बाकीचेही निघाले.

खाली येऊन सगळी बडी मंडळी मिळेल तिथे टेकली. डायरेक्टरांच्या वाट्याला पेशंटना उठायला-बसायला शिकवायचं बुटकं स्टूल आलं. अक्का उजव्या हाताने दांडी धरून उभ्या राहिल्या. हळूहळू, एकट्या.

"वर्षाची प्रगती," त्यांनी फळ्याकडे मान वळवली. "जे पुसलंय ते. पुढचं ध्येय, हा विभाग इथेच. वर? नाही."

डायरेक्टर चुळबुळले. "डॉक्टर, बसा आता. त्रास होईल."

"बसता मला येतंच होतं. उभं राहणं हे यंदाचं काम."

मग त्यांनी फळ्यापर्यंत जाऊन आपली ओळ स्वतः पुसली. मी बाजूने चालले, पण धरलं नाही. यंत्राला पुढे मागच्या अंगाला, गाड्यांच्या शेडशेजारी, जागा सापडली. सापडते हो, शोधली की!

त्याच उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. जायच्या दिवशी त्यांनी खडू मागितला आणि त्या फळ्यावर पहिल्यांदाच मराठीत लिहिलं. 'नागपूरकर : इथून हलणे नाही.' पायाच्या तपासणीला आलेल्या मुनियम्माने विचारलं, काय लिहिलंय? मी कानडीत सांगितलं तेव्हा ती खदखदून हसली. अक्का काठी टेकत दाराशी गेल्या, तिथून वळून म्हणाल्या, "आणि ही ओळ पुसायची नाही, सांगून ठेवते."

अक्का गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. फार आठवण येते. विभागप्रमुख म्हणून त्यांच्या खुर्चीत आता मी बसते. डायरेक्टर येतात, जातात आणि प्रत्येकाला कधी ना कधी हा तळमजला हवासा वाटतो. मग मी त्यांना फळ्यापाशी नेते आणि ती ओळ वाचून दाखवते. नाव माझं आहे, काम चालू आहे.