अँटेनातून आलेली हाक

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आम्ही जयंतीच्या मिरवणुकीत नाचणारी माणसं. भुताखेतांना आमच्या घरात वडलांच्या वेळेपासून थारा नाही. तेव्हा ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं...

मी मुकुंदवाडीत राहतो, विमानतळाच्या अलीकडं. पायलटांचं बोलणं ऐकायचा मला भारी नाद. त्यासाठी अँटेनाही घरीच बनवला — टीव्हीच्या जुन्या अँटेनाच्या दोन-दोन फुटी नळ्या, एक उभी, चार खाली तिरप्या. त्यांची वायर लॅपटॉपच्या छोट्या रिसीव्हरला. एक लक्षात घ्या, ह्या जुगाडाला फक्त कान आहेत, तोंड नाही. त्यातून बोलता येतच नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी माझी बायको शोभा गच्चीवर कुरडया घालत होती. मी तिच्याकडं पाठ करून लॅपटॉपपुढं. एका विमानाचं इंग्रजी संपलं, खरखर झाली आणि हाक आली, "अहो..."

संसाराची सवय. मान न वळवता मी "ओ" म्हणालो.

शोभा पुढ्यात येऊन उभी राहिली. चिकानं भरलेले हात तसेच.

"मी नाय हाक मारली," ती म्हणाली.

तेवढ्यात स्पीकरमधून हुबेहूब तिचाच आवाज, "व्हय, आलं ऐकू."

तिच्या माहेरी, देवगाव रंगारीला, माणूस दिसल्याशिवाय हाकेला ओ देत नाहीत; हाक भुताची असली तर ते मागं लागतं म्हणे. ह्यावरून मी तिला किती चिडवलं होतं! परत खरखर झाली. "शोभे..." आता आवाज माझा होता. तिनं तोंडात पदर कोंबला. मी वायर उपटली, तरी आणखी एकदा "शोभे..." आलंच.

अँटेना भंगारात दिला. जाणकार मित्र म्हणाला, कुणाचा तरी फोन घुसला असेल. मग आवाज आमचे कसे? तेव्हापासून आम्ही घरात हाका मारणं सोडलं. काम असलं की उठून जवळ जायचं. मला भीती एकच — माझ्या आवाजाला शोभानं चुकून ओ देऊ नये.

काल संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत मुकाट्यानं मेथी निवडत होतो. आतून शोभा म्हणाली, "ओ... आले."

हात पुसत ती दारात आली. "का बोलवलं?"

"पाणी दे जरा," मी म्हणालो.

मी हाक मारली नव्हती, हे तिला अजून सांगितलेलं नाही.